मस्तकातील पाण्याची गाठ



वैद्यकशास्त्रात 'सौम्य' हा शब्द मोठा फसवा आहे. गाठ सौम्य आहे असे डॉक्टर सांगतात, तेव्हा ती कर्करोगाची नाही, अंगभर पसरणारी नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. अशी गाठ पाठीवर असली तर माणूस ती घेऊन वीस वर्षे शेती करील. पोटात असली तरी पुष्कळ दिवस तिचा पत्ता लागणार नाही. पण तीच गाठ मस्तकात निघाली म्हणजे गोष्ट निराळी. कातडी ताणते, पोट ताणते; कवटी काही ताणत नाही. त्या बंद हाडाच्या पेटीत जेवढी जागा गाठ घेते तेवढी मेंदूची जाते. म्हणून स्वभावाने सौम्य असलेली ही गाठ जागेमुळे जीवघेणी ठरते.

ही गाठ म्हणजे काय ते आधी पाहू. पातळ आवरणाची एक पिशवी, आणि तिच्यात पाणी किंवा खळीसारखा दाट पदार्थ. हिचे प्रकार बरेच आहेत. एक जन्मतःच मेंदूच्या पापुद्र्यात असते. पुष्कळांना ती आयुष्यभर कळतही नाही, आणि काही त्रास नसेल तर डॉक्टरही तिच्या वाटेला जात नाहीत. दुसरी मेंदूच्या अगदी मध्यावर, जेथून मेंदूतले पाणी वाहते त्या वाटेवर बसते. आकाराने ती हरभऱ्याएवढी असेल, लिंबाएवढी असेल, पण पाटाच्या तोंडाशी दगड बसावा तसा तिने तो मार्ग बंद केला तर माणूस अचानक दगावू शकतो. तिसरी मोत्यासारखी चकाकते. क्रुव्हेलिए नावाच्या फ्रेंच वैद्याने १८२९ साली तिचे वर्णन 'मोत्याची गाठ' असेच केले होते. आणि चौथी गाठ माणसाला मेंढी आणि कुत्रा यांच्या साखळीतून मिळते. तिला हायडॅटिड म्हणतात. हा शब्द पाण्याच्या ग्रीक नावावरून आला आहे.

या सर्व गाठी क्वचितच आढळणाऱ्या. तरीही त्यांच्याविषयी, आणि विशेषतः या चौथीविषयी, अकलूजकडच्या माणसाने बोलावे याला कारण आहे. आमच्या नीरेकाठी कालव्याचे पाणी आणि ऊस, आणि भोवताली सांगोला, माण, जत असा मेंढपाळांचा दुष्काळी मुलूख. तिकडचे धनगर बांधव मेंढरे घेऊन बागायतीकडे उतरतात, शेतकरी खतासाठी रानात मेंढरे बसवून घेतात. मेंढरांबरोबर कुत्री असतात आणि वाड्याबरोबर लेकरेही असतात. तेव्हा हा विषय मुंबईच्या मोठ्या इस्पितळाचा जितका, तितकाच आमच्या बांधावरचाही आहे.

या गाठीच्या इतिहासात माणसाला तीन प्रश्न पडले. गाठ आहे कोठे? ती काढावी कशी? आणि ती आली कोठून? या तिन्हींची उत्तरे निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या देशांतल्या माणसांनी शोधली. ती आपण क्रमाने पाहू.

डोक्याच्या आत काहीतरी शिरले आहे, ते काढले पाहिजे, ही कल्पना आपल्या देशात फार जुनी. चरकसंहितेत शिरोरोगांचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांतला एक कृमींमुळे होणारा. सुश्रुतानेही त्याची नोंद घेतली आहे. बौद्धांच्या विनयपिटकात जीवक नावाच्या वैद्याची कथा येते. राजगृहाचा एक श्रेष्ठी सात वर्षे मस्तकाच्या व्याधीने हैराण झाला होता. वैद्यांनी हात टेकले. कोणी म्हणे पाचव्या दिवशी मरेल, कोणी म्हणे सातव्या. जीवकाने त्याला मंचकाला बांधले, डोक्याची त्वचा चिरली, कवटीची शिवण उघडली आणि आतून दोन किडे काढून लोकांना दाखवले. पुढे तर आणखी गंमत आहे. बरे होण्यासाठी एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि उताणे सात महिने निजावे लागेल, असे जीवकाने आधीच कबूल करून घेतले होते. श्रेष्ठी प्रत्येक कुशीवर सातच दिवस टिकला, आणि एकवीस दिवसांत बरा झाला! जीवक हसून म्हणाला, मला ते ठाऊकच होते. पण महिने सांगितले नसते तर तुम्ही एवढे दिवसही निजला नसता.

भोजप्रबंधातही अशीच कथा आहे. धारच्या भोजराजाच्या मस्तकात नाकावाटे माशाचे पिलू शिरले आणि तो वेदनांनी तळमळू लागला. तेव्हा दोन वैद्यांनी त्याला मोहचूर्णाने बेशुद्ध करून, कपाळ उघडून ते बाहेर काढले. आता या कथा म्हणजे शस्त्रक्रियेचे दप्तर नव्हे. त्यांवरून, अमुक साली अमुक रोग्यावर हे घडले, असे इतिहासाच्या विद्यार्थ्याने म्हणू नये. भोजप्रबंध तर राजा भोजानंतर काही शतकांनी लिहिला गेला. पण एक गोष्ट या कथा नक्की सांगतात. डोकेदुखीच्या मुळाशी मस्तकात शिरलेला एखादा जीव असू शकतो, ही शंका आपल्या पूर्वजांच्या मनात होती. कवटी न उघडता आत डोकावण्याचे साधन मात्र त्यांच्याजवळ नव्हते.

ते साधन मिळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले, आणि पहिली खिडकी सापडली ती डोळ्यात. १८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने डोळ्याच्या आतला पडदा पाहण्याचे लहानसे यंत्र तयार केले. पुढे १८६० साली ग्रेफे या नेत्रवैद्याने दाखवून दिले, की मस्तकात दाब वाढला म्हणजे डोळ्याच्या आत, जेथे दृष्टीची शीर सुरू होते तेथे, सूज येते. म्हणजे आत काहीतरी वाढते आहे एवढे कळले. मग हात कोणता लुळा पडला, झटके कोणत्या अंगाला येतात, यावरून जागेचा अदमास बांधायचा. अशा अदमासावरच १८८४ साली लंडनमध्ये रिकमन गॉडली या सर्जनने कवटी उघडली आणि मेंदूतली गाठ सांगितलेल्या ठिकाणी सापडली. रोगी काही आठवड्यांनी वारला. परंतु नुसत्या लक्षणांवरून जागा ओळखता येते हे सिद्ध झाले.

१८९५ साली राँटजेनने क्ष-किरण शोधले. आता सगळे दिसेल असे लोकांना वाटले. पण हाडे दिसली, मेंदू दिसेना. कारण मेंदू, पाणी आणि गाठ या तिन्हींची छाया जवळजवळ सारखीच पडते. यावर अमेरिकेत बाल्टिमोर येथे वॉल्टर डँडी याने १९१८ साली एक धाडसी युक्ती काढली. मेंदूच्या मध्यभागी पाण्याच्या पोकळ्या असतात. त्यांतले पाणी काढून त्याने तेथे हवा भरली आणि मग क्ष-किरणांचे चित्र घेतले. हवा काळी उमटते, तेव्हा पोकळीचा आकार दिसला. ती एका बाजूला ढकलली गेली असेल तर दुसऱ्या बाजूला गाठ आहे हे उघड झाले. याच डँडीने १९२१ साली मेंदूच्या मध्यावरची, वाट अडवणारी ती लहान गाठ यशस्वीपणे काढली. १९२७ साली लिस्बनच्या एगास मोनिझने मानेतल्या रक्तवाहिनीत औषध घालून मेंदूच्या रक्तवाहिन्या चित्रात आणल्या. ओढ्याचे पाणी खडकाला वळसा घालून जाते ना, तशा त्या पाण्याच्या गाठीला वळसा घालून गेलेल्या दिसत. हे दोन्ही उपाय रोग्याला फार यातना देणारे होते, धोक्याचेही होते. पण पन्नास वर्षे जगभर त्यांच्यावरच काम चालले.

आपल्याकडची स्थिती काय होती? स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आपल्या देशात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग एकाही इस्पितळात नव्हता. तो १९४९ साली वेल्लोर येथे डॉ. जेकब चंडी यांनी सुरू केला. पुढल्याच वर्षी मद्रासला डॉ. बी. राममूर्ती यांनी काम आरंभले. त्याच दशकात मुंबईत डॉ. राम गिंडे आणि डॉ. होमी दस्तूर यांनी हे शास्त्र रुजवले, जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशिर वाडिया यांनी मज्जारोगांचे निदान शिकवणारी परंपरा उभी केली. सोलापुरात डॉ. वैशंपायन यांच्या स्मरणार्थ वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १९६३ साली. यावरून एक हिशेब करून पाहा. त्यापूर्वी माळशिरस तालुक्यातल्या एखाद्या पोराच्या डोक्यात ही गाठ वाढत असती, तर ते नाव त्याच्या आईबापांच्या कानांवर येण्याचा तरी संभव किती होता? दृष्ट लागली म्हणायचे, झटका आला की कांदा हुंगवायचा, आणि शेवटी 'डोक्यात वारं गेलं' म्हणून गप्प बसायचे. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. जेथे ज्ञानच पोहोचलेले नव्हते तेथे ती बिचारी दुसरे काय करणार?

पहिल्या प्रश्नाचे पुरते उत्तर मिळाले १९७१ साली, आणि ते देणारा माणूस होता एका शेतकऱ्याचा मुलगा. गॉडफ्रे हाउन्सफील्ड हा इंग्लंडातल्या एका शेतावर वाढला. धान्य मळण्याच्या आणि कापणीच्या यंत्रांशी खेळतच त्याची बुद्धी तयार झाली. विद्यापीठाची पदवी त्याच्यापाशी नव्हती. त्याने विचार केला, की एकाच बाजूने चित्र घेण्याऐवजी डोक्याभोवती सर्व बाजूंनी क्ष-किरण सोडावेत, प्रत्येक बाजूचे माप घ्यावे आणि गणकयंत्राकडून हिशेब करवून आतला काप मांडावा. भोपळा न चिरता त्याची चकती पाहण्यासारखेच हे! १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात एका स्त्रीच्या मस्तकाचा असा पहिला काप घेतला गेला. मोजमापांची फीत गणकयंत्राकडे नेऊन चित्र तयार झाले, तेव्हा मेंदूच्या पुढल्या भागात एक गोल काळसर वर्तुळ स्पष्ट दिसले. ती गाठ आपल्या विषयातली सौम्य गाठ नव्हती. पण आतून द्रवाने भरलेलीच होती. शस्त्रक्रियेत ती चित्राबरहुकूम सापडली. हाच आपला सीटी स्कॅन. १९७९ साली हाउन्सफील्डला, ॲलन कॉरमॅक या शास्त्रज्ञाबरोबर, नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे चुंबकाच्या साहाय्याने चित्र घेणारे एमआरआय यंत्र आले, आणि आता गाठीचे आवरणसुद्धा बारकाईने दिसते. डँडीच्या काळी ज्यासाठी कवटीला भोक पाडावे लागे, ते आज रोग्याला काहीही न दुखवता काही मिनिटांत होते.

आता दुसरा प्रश्न, काढावी कशी? हायडॅटिड गाठ काढणे इतर गाठींहून अवघड, कारण तिला फुटू द्यायचे नसते. ती फुटली तर आतल्या पाण्याने शरीरात भयंकर प्रतिक्रिया होऊ शकते, आणि त्या पाण्यातल्या बीजांपासून नव्या गाठी धरतात. एक काढायला जावे आणि दहा पेराव्यात, असा प्रकार! यावर उत्तर शोधले ते मेंढ्यांच्याच देशाने. अर्जेंटिनातला सर्जन डाउलिंग याने १९२९ साली पद्धत सांगितली, की गाठीला हत्यार लावू नये. तिच्यावरचे मेंदूचे आवरण हळुवार उघडावे, गाठ आणि मेंदू यांच्यामध्ये मिठाचे कोमट पाणी सोडावे आणि रोग्याचे डोके खाली कलते ठेवावे. म्हणजे पाण्याच्या रेट्याने आणि स्वतःच्या भाराने गाठ आपोआप बाहेर येते, अगदी सुईणीच्या हातात मूल यावे तशी. शेजारच्या उरुग्वेमधल्या सर्जनांनी १९५५ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला आणि ही पद्धत जगभर गेली. आजही मेंदूतली ही गाठ पुष्कळदा याच रीतीने काढतात. आता जोडीला अल्बेंडॅझोल हे औषध आहे. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते.

राहिला तिसरा प्रश्न, ही गाठ येते कोठून? १८५३ साली जर्मनीत झीबोल्ट या प्राणिशास्त्रज्ञाने मेंढ्यांच्या यकृतातल्या गाठी कुत्र्यांना खाऊ घातल्या आणि काही दिवसांनी त्या कुत्र्यांची आतडी तपासली. त्यांत त्याला तांदळाच्या कणीएवढे बारीक पट्टकृमी मिळाले. १८६३ साली माणसाच्या गाठीवरूनही हेच सिद्ध झाले. साखळी अशी : कुत्र्याच्या आतड्यात कृमी राहतो. असे हजारो कृमी असले तरी कुत्रे धडधाकट दिसते. त्याच्या विष्ठेतून डोळ्यांना न दिसणारी अंडी गवतावर, पाण्यात, त्याच्या स्वतःच्या केसांवर पडतात. ती चरताना मेंढीच्या पोटात जातात आणि तिच्या यकृतात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी धरतात. मेंढी कापली, गाठीचे मांस कुत्र्याला टाकले, की चक्र पुरे झाले. माणूस या चक्रात चुकून सापडतो. कुत्र्याशी खेळलेला हात न धुता मूल भाकरी खाते, आणि अंडे पोटात जाते. बहुतेक गाठी यकृतात किंवा फुप्फुसात अडकतात. मेंदूपर्यंत शंभरांत एखाद-दुसरीच पोहोचते. पण मेंदूत ती धरली तर ते पुष्कळदा मूलच असते. डुकराच्या पट्टकृमीमुळे मेंदूत होणारी लहान गाठ आपल्या देशात हिच्यापेक्षा पुष्कळ जास्त आढळते. ती निराळी, तिचे उपचारही निराळे.

हे ज्ञान मिळाल्यावर एका देशाने काय केले ते ऐकण्यासारखे आहे. आइसलँड हे उत्तरेचे थंड बेट, मेंढ्यांवर जगणारे. तेथे हा रोग घरोघरी होता. डेन्मार्कच्या राज्यकर्त्यांनी हाराल्ड क्राबे नावाच्या तरुण प्राणिवैद्याला १८६३ साली तेथे पाठवले. त्याने शंभर कुत्री तपासली, त्यांतल्या अठ्ठावीस कुत्र्यांत हा कृमी निघाला. त्या काळी त्याच्याजवळ आजच्यासारखे औषध नव्हते, सीटी स्कॅन तर नव्हताच. त्याने एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात रोगाची साखळी सोप्या भाषेत सांगितली आणि गाठीचे मांस जाळा किंवा पुरा, कुत्र्याला घालू नका, हे बजावले. १८६४ साली ते पुस्तक प्रत्येक घरी फुकट वाटले गेले. त्या देशात लोक साक्षर होते. हिवाळ्याच्या लांब रात्री एकाने मोठ्याने वाचायचे आणि घराने हातातले काम करीत ऐकायचे, अशी त्यांची रीतच होती. पाठोपाठ १८६९ साली कुत्र्यांविषयी कायदाही झाला. फळ एका वर्षात आले नाही. पण पिढ्या बदलत गेल्या तसा रोग मागे हटला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो तेथून जवळजवळ नाहीसा झाला. सर्जनांनी इतके लोक वाचवले असते की नाही कोण जाणे. एका चोपड्याने आणि ते वाचून दाखवणाऱ्यांनी वाचवले.

म्हणूनच शिक्षक बंधुभगिनींना माझे सांगणे आहे. आपल्याकडच्या गुरा-मेंढ्यांत या गाठी आढळतात हे पशुवैद्यांना ठाऊक आहे. गावच्या जत्रेत बकरे कापले, की काळजावर पाण्याचे फोड असलेला तुकडा 'हे खराब आहे' म्हणून बाजूला फेकतात, आणि तो नेमका कुत्र्याच्या तोंडी जातो. आइसलँडात जी कडी तोडली ती हीच. तो तुकडा खोल पुरावा नाहीतर जाळावा. वाड्यावरच्या कुत्र्यांना वर्षातून किमान चार वेळा पशुवैद्याकडून प्राझिक्वान्टेल हे जंताचे औषध द्यावे. मुलांनी कुत्र्यांशी खुशाल खेळावे, पण जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत, आणि रानातली भाजी धुतल्यावाचून तोंडात टाकू नये. यात पैशाचे काम थोडे, सवयीचे जास्त.

दुसरी गोष्ट लक्ष ठेवण्याची. वर्गातल्या एखाद्या मुलाचे सकाळी उठल्याबरोबर डोके दुखते, उलटी होते, फळ्यावरचे अक्षर त्याला हळूहळू अंधुक दिसू लागते, चालताना तोल जातो, हातातली पेन्सिल गळते, किंवा झटका येतो, तर ते मूल आळशी आहे असे ठरवण्यापूर्वी त्याच्या पालकांना बोलावून घ्या. दर दुखऱ्या डोक्यात गाठ असते असे नाही, बहुतेकांत नसतेच. पण ही लक्षणे वाढत चालली असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे, तेथल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीने सोलापूर किंवा पुणे गाठावे. मेंदूच्या अनेक शस्त्रक्रियांचा खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत भागतो, हेही पालकांना सांगावे. कारण खर्चाच्या धास्तीने पुष्कळ लोक उंबऱ्याबाहेरच पडत नाहीत. वेळेवर काढलेली सौम्य गाठ म्हणजे पुन्हा शाळेत आलेले मूल. उशीर झाला तर गाठ काढूनही दृष्टी परत येईलच असे नाही.

जीवकाने कवटी उघडून किडे लोकांना दाखवले असे कथा सांगते. हाउन्सफील्डने कवटी न उघडता गाठ दाखवली. डाउलिंगने ती न फोडता बाहेर काढली. ही सारी मोठ्या माणसांची कामे झाली, आणि ती मोठ्या शहरांत झाली. क्राबेचे काम मात्र कोणत्याही गावात होऊ शकते. जत्रेच्या आदल्या दिवशी शाळेच्या फळ्यावर चार ओळी लिहायच्या, वाड्यावर जाऊन त्या वाचून दाखवायच्या, आणि कुत्र्याच्या तोंडी जाणारा तो तुकडा खड्ड्यात जातो की नाही ते पाहायचे.